इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी शेतकऱ्याकडे परमिशन कशी मागायची

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणारी, एअर रायफल क्लबात जाऊन कागदावरचा नेम जमवलेली आणि आता "ससे मारायला जायचं कुठे" असं विचारणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बंदूक कुठली, स्कोप कुठला यावर बोलणारे खूप भेटतात, पण परमिशन कशी मिळवायची हे कुणी नीट सांगत नाही, आणि खरं काम तिथेच आहे, कारण जमीन नसेल तर महागातली रायफल पण कपाटातच राहणार.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हे सगळं इथल्यापुरतं आहे. सुट्टीत गावी गेल्यावर शिवारात ससा दिसला म्हणून इथली हौस तिकडे न्यायची नाही, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ससा मारणं गुन्हा आहे, बंदुकीनं मारा नाहीतर जाळं लावून मारा. इथली गोष्ट वेगळी का, तर इथला रॅबिट मुळात बाहेरून आणलेला. नॉर्मन लोकांनी मांस आणि कातड्यासाठी तो वॉरनमध्ये, म्हणजे सशांसाठी राखून ठेवलेल्या जागांत पाळला, तिथून सुटला आणि देशभर पसरला. गहू, बार्ली, कोवळं गवत, नवीन लावलेली झाडं सगळं खातो आणि बांध पोखरतो. १९५४ च्या पेस्ट्स अ‍ॅक्टखाली जवळजवळ सगळं इंग्लंड आणि वेल्स 'रॅबिट क्लिअरन्स एरिया' आहे, म्हणजे आपल्या जमिनीवरचे ससे आटोक्यात ठेवायची कायदेशीर जबाबदारी जमीन कसणाऱ्यावरच आहे. हे लक्षात असू द्या. तुम्ही शेतकऱ्याच्या दारात उभे राहता तेव्हा भीक मागत नसता, त्याच्याच डोक्यावर असलेलं काम करून द्यायला आलेले असता. पण त्याचबरोबर एक अनोळखी माणूस बंदूक घेऊन त्याच्या गुरांमध्ये, त्याच्या पोराबाळांच्या आसपास फिरणार असतो, त्यामुळे तो लगेच हो म्हणेल अशी अपेक्षा पण ठेवायची नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींवरच आहे.

परमिशनशिवाय काहीच नाही

इथे मालक नसलेली जमीन नसते. ज्याला कॉमन म्हणतात, जिथे लोक कुत्री फिरवतात, त्यालाही मालक असतो. शेतातून जाणाऱ्या पब्लिक फूटपाथवर तुम्हाला फक्त चालत जायचा हक्क आहे, तिथून बाजूच्या सशावर नेम धरायचा नाही. परमिशन नसताना कुणाच्या जमिनीवर बंदूक घेऊन पाय ठेवला तर ते साधं ट्रेसपास राहत नाही, १९६८ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली आर्म्ड ट्रेसपास होतं, आणि एअर रायफल पण त्यात येते, "ही तर छर्ऱ्याची बंदूक आहे" हे चालत नाही. सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय एअर रायफल बाळगणं हा पण गुन्हा, मग ती लोड केलेली असो वा नसो. व्हिसावर असलेल्यांनी तर हे दोनदा वाचा, कारण पोलीस केसचा परिणाम दंडावर थांबत नाही.

मी इथे १२ फूट-पाउंडच्या (नळीतून सुटणाऱ्या छर्ऱ्याची ताकद) आतल्या एअर रायफलबद्दलच बोलतोय, तिला इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्टिफिकेट लागत नाही, विकत घ्यायला वय १८ पूर्ण हवं. स्कॉटलंडला २०१६ च्या शेवटापासून एअर रायफललाही सर्टिफिकेट लागतं, नॉर्दर्न आयर्लंडचे नियम अजून कडक आहेत, त्यामुळे बॉर्डर ओलांडून मित्राकडे जाताना डिकीत टाकून न्यायची चूक करू नका. शॉटगन किंवा पॉइंट टू-टू रिमफायर (.२२ ची, खऱ्या गोळीची छोटी रायफल) हवी असेल तर पोलिसांकडून सर्टिफिकेट, आणि रिमफायरला तर तुमच्याकडे वापरायला जमीन आहे का हे पोलीस विचारतातच. म्हणजे तिकडे जायचं असलं तरी परमिशन आधी मिळवावी लागते.

दार वाजवण्याआधी स्वतःची तयारी

शेतकरी विचारणार की तुला येतं का हे. तेव्हा खरं उत्तर देता आलं पाहिजे. १२ फूट-पाउंडची रायफल सशासाठी साधारण ३० मीटरपर्यंतच वापरायची आणि नेम फक्त डोक्यावर, जिथे लागला तर जागेवर मरतो ती जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठी नसते. क्लबात बाकावर टेकून मारलेले छर्रे एकाच भोकात जातात म्हणून खुश होऊ नका, गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, वाऱ्यात, थंडीत हात गारठलेले असताना मारून बघा. ज्या अंतरावर दहापैकी दहा नाण्याच्या आत बसतात तेच तुमचं अंतर, मग ते २० मीटर असलं तरी चालेल. जखमी होऊन बिळात शिरलेला ससा आत तडफडून मरतो, हे मला बिलकुल मान्य नाही, आणि शेतकऱ्यालाही नसतं, जनावरांसोबत आयुष्य काढलेली माणसं आहेत ती.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन, सगळे बीएएससी म्हणतात, त्यांची मेंबरशिप घेतली की त्यात १ कोटी पौंडांपर्यंतचा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स येतो. कायद्यानं तो सक्तीचा नाही, पण शेतकऱ्याच्या नजरेतून बघा, छर्रा उडून शेजाऱ्याच्या घोड्याला लागला तर भरणार कोण? कार्ड खिशात असलं की हा प्रश्न तिथेच संपतो, आणि हा माणूस विचार करून आलाय हे पण कळतं. परमिशन स्लिपचा तयार नमुना पण त्यांच्याकडे मिळतो.

तिसरं, ससा आणि हेअर यातला फरक डोळ्यात बसवा. हेअर मोठा, लांब पायांचा, कानांची टोकं काळी, उघड्या रानात एकटा बसतो, बिळात राहत नाही. बऱ्याच शेतकऱ्यांचा आपल्या रानातल्या हेअरवर जीव असतो. तुम्हाला सशांची परमिशन दिली आणि तुम्ही हेअर पाडला तर विषय संपला. कबुतरांचं पण तसंच, वुडपिजन मारायला जनरल लायसन्सच्या (ठरावीक पक्षी मारायची सरकारची सर्वसाधारण परवानगी) अटी लागू होतात, तो वेगळा अभ्यास, सशांच्या परमिशनमध्ये तो धरायचा नाही.

जमीन कुठे शोधायची

नवीन माणसं एकदम हजार एकरांच्या इस्टेटकडे जातात आणि निराश होऊन परत येतात. तिथे शिकारीचे पक्षी सांभाळणारा गेमकीपर असतो, फेझंट पक्षी सोडलेले असतात, शिकारीचे हक्क कुठल्यातरी सिंडिकेटला, म्हणजे शिकाऱ्यांच्या गटाला भाड्यानं दिलेले असतात, तुम्हाला कशाला घेतील. छोट्या जागा बघा. घोडे ठेवणारे लिव्हरी यार्ड सगळ्यात चांगले, कारण सशाच्या बिळात घोड्याचा पाय गेला तर मोडतो आणि मालकाला त्याची धास्ती असते. मग दहा-पंधरा एकरांची स्मॉलहोल्डिंग, फळबागा, ख्रिसमस ट्री लावणारे, रोपवाटिका, कॅम्पिंगवाल्यांची कुरणं, छोटे गोल्फ कोर्स. अशा ठिकाणी आवाज न करणारी एअर रायफलच त्यांना सोयीची पडते, शॉटगनवाला त्यांना नकोच असतो, त्यामुळे नवख्या माणसाला इथे खरंच संधी आहे.

ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर नकाशा घ्या, कागदावरचा किंवा अ‍ॅपवरचा. त्यात शेतांच्या हद्दी, फूटपाथ, ब्रायडलवे (घोडेस्वारांची वाट), फार्मची नावं सगळं असतं. मग संध्याकाळी फूटपाथवरून, बंदूक न घेता, नुसतं चालून या. दिवस मावळताना हेजच्या (झुडपांच्या कुंपणाच्या) कडेनं ससे चरायला निघतात ते दिसतील. ताजी उकरलेली माती, गोल लेंड्या, पिकाच्या कडेला अर्धवर्तुळात खाऊन टाकलेला भाग, कुंपणाखालून गेलेली पायवाट, हे बघून ठेवा. १९५३ मध्ये केंटमधून मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग पसरला आणि इथले बहुतेक ससे मेले, नंतर पुन्हा वाढले, मग १९९० च्या दशकात हेमरेजिक डिसीज हा सशांचा दुसरा रोग आला, आणि आता बऱ्याच भागात ससे खरोखर कमी झालेत. ईस्ट अँग्लियातल्या ब्रेकलँडमध्ये तर सशांनी गवत कुरतडून आखूड ठेवलं तरच काही दुर्मिळ झाडं-किडे टिकतात म्हणून निसर्गवाले सशांची संख्या वाढवायच्या मागे आहेत. म्हणून आधी बघा, ससे त्रासदायक आहेत का. जिथे चारच ससे आहेत तिथे परमिशन मागू नका. आणि जिथे आहेत तिथे तुम्ही दारात उभं राहून "तुमच्या ओढ्याकडच्या वावरात बार्लीची कड खाल्लेली दिसली" असं म्हणू शकता, या एका वाक्याचं वजन खूप असतं.

शोधायचा दुसरा रस्ता म्हणजे माणसं. गावातला पब, पशुखाद्याचं दुकान, गन शॉप, जनावरांचा बाजार, उन्हाळ्यातले अ‍ॅग्रिकल्चरल शो. इंग्लिश सहकाऱ्यांना सांगून ठेवा, कुणाची मावशी घोडे पाळत असते, कुणाचा मेहुणा शेती करतो. ओळखीतून गेलेला माणूस आणि असाच आलेला माणूस यात इथेही आपल्या गावाकडच्या इतकाच फरक पडतो.

विचारायचं कुणाला

हे फार महत्त्वाचं आहे आणि इथेच घोळ होतात. शेतात ट्रॅक्टर चालवणारा माणूस मालक असेलच असं नाही. जमीन एकाची, कसतो दुसरा, शिकारीचे हक्क तिसऱ्याकडे, असं अगदी सर्रास असतं. १८८० चा ग्राउंड गेम अ‍ॅक्ट आहे, तो अजून लागू आहे. त्यानुसार जमीन कसणाऱ्या कुळाला ससे आणि हेअर मारायचा हक्क आहे आणि मालकाला करारात लिहूनसुद्धा तो काढून घेता येत नाही. पण शिकारीचे हक्क कुळाकडे नसतील तर त्याला या कायद्याखाली बंदूक वापरायला स्वतःशिवाय एकाच माणसाला आणि तेही लेखी अधिकार देता येतो, आणि तो माणूस कोणीही चालत नाही, घरातला, नोकरीतला, किंवा याच कामासाठी मोबदला देऊन ठेवलेला लागतो. म्हणजे हौसेनं आलेल्या तुमच्या-माझ्यासारख्याला कुळाचं तोंडी "हो, ये की" पुरेसं नाही.

म्हणून सरळ विचारा: "जमीन तुमचीच आहे की भाड्यानं घेतलीय? शिकारीचे हक्क कुणाकडे आहेत? अजून कोण इथे शूट करतं का?" हे विचारल्यानं कुणी रागवत नाही, उलट माणसाला समजतंय हे दिसतं. उत्तर "हक्क इस्टेटकडे आहेत" असं आलं तर इस्टेट ऑफिसची परमिशन पण घ्या. आधीपासून कोणी शूट करत असेल तर त्याच्या परमिशनवर डोळा ठेवायचा नाही. त्याला भेटा, बरोबर जाऊ का विचारा. बऱ्याच जणांची पहिली परमिशन अशीच, कुणा म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या मागे दोन हिवाळे फिरून मिळालेली असते.

कधी जायचं

शेतकऱ्याचं वेळापत्रक ज्याला कळतं त्याचं अर्धं काम झालं. फेब्रुवारी ते एप्रिल मेंढ्यांचं लॅम्बिंग, म्हणजे विणं, माणूस रात्रंदिवस गोठ्यात असतो, झोप नसते, तेव्हा जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये कापणी, ऊन पडलं की कंबाइन थांबत नाही, तेव्हाही नको. डेअरी असेल तर पहाटे आणि दुपारनंतर दूध काढायच्या वेळा टाळा. जेवणाच्या वेळी दार वाजवू नका, रविवारी दुपारी तर नकोच. माझं मत विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा जानेवारीतला एखादा ढगाळ, रिपरिप पावसाचा दिवस, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास. पावसामुळे शेतात काम नसतं, तो शेडमध्ये काहीतरी दुरुस्त करत असतो, आणि बोलायला त्याच्याकडे पाच मिनिटं असतात. जानेवारीत गेलात तर सांगायला अजून एक कारण असतं: सशीण महिन्याभरात विते आणि वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक वेत होतात, त्यामुळे त्याआधी संख्या कमी केली तर उपयोग जास्त.

दारात

प्रत्यक्ष जा. पत्र टाकून, मेसेज करून क्वचित जमतं, पण बहुतेक पत्रं कचऱ्यात जातात. शेतकऱ्याला माणूस बघायचा असतो.

बंदूक घरी ठेवायची, गाडीतसुद्धा नको. कॅमोफ्लाजचे कपडे घालू नका, अनोळखी माणूस मिलिटरीच्या कपड्यात यार्डात शिरला की घरातली बाई आधी फोनकडे धावते. साधी पँट, जाकीट आणि स्वच्छ बूट. बुटांचं मी मुद्दाम सांगतोय. २००१ मध्ये इथे खुरकूत आली होती, फूट अँड माउथ, आणि ६० लाखांवर जनावरं मारावी लागली, ज्यांनी आपला गोठा रिकामा होताना पाहिलाय ती माणसं अजून शेती करतायत. दुसऱ्या फार्मवरच्या चिखलानं भरलेले बूट घेऊन जाणं म्हणजे त्यांच्या त्या जखमेवर पाय देणं. कोंबड्यांच्या शेडकडे तर फिरकू पण नका, बर्ड फ्लूमुळे ते लोक फार काळजीत असतात.

गाडी गेटसमोर लावायची नाही, ट्रॅक्टर कुठूनही येऊ शकतो. कुत्रं असेल तर गाडीतच. पुढच्या दारानं किंवा यार्डात माणूस दिसेल तिथे सरळ, हात दिसतील असं जा. एकटे जा, फार तर बायको किंवा मुलगी बरोबर, चार मित्र घेऊन गेलात तर टोळी वाटते. आणि टोळीची भीती उगीच नाहीये, हेअर कोर्सिंग करणाऱ्या, म्हणजे हेअरच्या मागे कुत्री सोडणाऱ्या टोळ्या चारचाकी घेऊन शेतात घुसतात, पिकं तुडवतात, हटकलं तर धमक्या देतात. २०२२ मध्ये त्याच्या शिक्षा वाढवल्या, पण ईस्ट अँग्लिया-लिंकनशायरकडच्या शेतकऱ्यांना हा त्रास रोजचा आहे. म्हणून तो तुमच्याकडे संशयानं बघतो तेव्हा तुमच्या रंगाकडे बघतोय असं लगेच धरू नका. खेड्यात आपल्यासारखे चेहरे कमी असतात हे खरं, कधी कुणी विचित्र बोलेलही, तिथे वाद न घालता निघायचं. पण बहुतेक वेळा तो संशय अनोळखी गाडीचा असतो, आणि तो नाव, पत्ता, काम सांगितल्यावर कमी होतो.

काय बोलायचं? थोडक्यात, इंग्लिशमध्येच, पण मनात असं काहीतरी धरून जा:

"नमस्कार, तुमची दोन मिनिटं घेऊ का? मी अमुक, इथून सहा मैलांवर राहतो, हॉस्पिटलात काम करतो. मी एअर रायफलनं ससे मारतो, म्हणजे शिकतोय, क्लबात नियमित जातो, इन्शुरन्स आहे. फूटपाथवरून जाताना तुमच्या घोड्यांच्या कुरणात बरीच बिळं दिसली. तुम्हाला त्रास होत असेल तर मी पैसे न घेता येऊन कमी करून देईन. नको असेल तरी काही हरकत नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. नाही म्हणायला मोकळी जागा दिली की माणूस सैल होतो. स्वतःला खूप अनुभवी असल्याचं भासवू नका, त्याच्या दोन प्रश्नांतच उघडं पडतं. घरची शेती असेल तर ते जरूर सांगा, आमच्याकडे रानडुक्कर उसात घुसतात, माकडं आंबे खातात, हे सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो, नुकसान म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याच्याशी शेतकरी वेगळं बोलतो. मग त्याला बोलू द्या. त्याच्या खताच्या किमती, पाऊस, सुपरमार्केटचे भाव, ऐका. घाई करू नका. पहिल्याच भेटीत पैशाचं पाकीट काढायचं नाही, त्यानं भाव काढलाच तर ती वेगळी गोष्ट, पण मी तरी सशांसाठी पैसे देऊन जमीन घ्यायच्या विरोधात आहे, मग ते नातं राहत नाही.

खिशात एक छापील कार्ड असू द्या, नाव, फोन, गाव, बीएएससी मेंबर, एवढंच. हो, नाही, बघू, काहीही उत्तर आलं तरी ते द्या. "नाही" आलं तर कारण विचारायचं नाही, थँक्यू म्हणून निघायचं आणि गेट जसं होतं तसं लावायचं. बऱ्याच वेळा "नाही" म्हणजे "आत्ता नाही" असतं, सहा महिन्यांनी ससे वाढतात आणि फ्रिजवर लावलेलं कार्ड आठवतं. "बघू" आलं तर म्हणा, एकदा बंदूक न आणता तुमच्यासोबत शेत फिरून येतो, मग ठरवा. दहा दारं वाजवून एक उघडलं तरी नवख्यासाठी ते चांगलंच समजा.

हो म्हटलं, आता

त्याच दिवशी किंवा दोन दिवसांत लेखी घ्या. स्लिपवर जमिनीचं नाव-पत्ता, कोण देतंय, कुणाला देतंय, कुठले प्राणी, कुठलं हत्यार, कधीपासून कधीपर्यंत, दोघांच्या सह्या. शेतकऱ्याला कागदाचा कंटाळा असतो, तुम्ही भरून न्या आणि त्याला फक्त सही करायला ठेवा. "पोलिसांनी विचारलं तर तुम्हाला रात्री फोन नको" असं सांगितलं की लगेच करतो. ती स्लिप प्रत्येक वेळी बरोबर ठेवा, फोनमध्ये फोटो पण.

मग त्याच्याबरोबर हद्द चालून घ्या. नुसता नकाशावर बोट फिरवून चालत नाही, कुठल्या हेजपर्यंत आपलं आणि कुठून शेजाऱ्याचं हे पायानं बघायचं, कारण तुमचा छर्रा हद्दीबाहेर गेला तरी तो गुन्हा आहे. फिरताना विचारा: जनावरं कुठल्या शेतात आहेत आणि कधी हलवणार, फूटपाथ-ब्रायडलवे कुठून, पोरं कुठे खेळतात, कुठली घरं जवळ, कुठलं गेट वापरायचं, गाडी कुठे लावायची, रात्री दिवा लावून आलेलं चालेल का, पाहुणा आणलेला चालेल का. रात्रीचं वेगळं विचारलंच पाहिजे, दिवसाची परमिशन रात्रीला लागू धरायची नाही. पाहुण्याचं पण तसंच, परमिशन तुमच्या नावाची आहे, भाऊ सुट्टीवर आला म्हणून त्याला घेऊन जायचं नाही, आधी फोन. कुत्रं सोडायचं असेल तर तेही विचारा, २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टमध्ये सशांना सूट आहे पण ती मालकाच्या परवानगीनंच.

शेजारी घरं असतील तर शेतकऱ्याला विचारून त्यांना पण एकदा भेटा. खिडकीतून अनोळखी माणूस बंदुकीसह दिसला तर लोक ९९९ लावतात आणि मग हत्यारबंद पोलीस येतात, त्यात त्यांची चूक नाही. काही भागात लोक निघण्याआधी १०१ वर, म्हणजे पोलिसांच्या तातडी नसलेल्या कामांच्या नंबरवर फोन करून कुठे आणि किती वेळ आहोत ते सांगतात, मला ही सवय आवडते, विशेषतः पहिल्या काही वेळी. पोलीस आलेच तर बंदूक खाली ठेवायची, हात मोकळे, ते सांगतील तसं, आणि स्लिप दाखवायची.

परमिशन टिकवणं

खरं सांगायचं तर मिळवण्यापेक्षा टिकवणं जास्त कष्टाचं, आणि लोक इथे ढिले पडतात.

प्रत्येक वेळी आदल्या दिवशी मेसेज, निघताना मेसेज, परत जाताना मेसेज. गेट उघडं होतं तर उघडंच, बंद होतं तर बंद, "बहुतेक बंद असावं" म्हणून लावून टाकलं आणि मेंढ्यांचं पाणी पलीकडे राहिलं तर? गेटवरून चढायचं झालं तर बिजागरीच्या बाजूनं, तेही रायफल रिकामी करून. उभ्या पिकातून चालायचं नाही, कडेनं जायचं. छर्ऱ्याचा डबा, चॉकलेटचा कागद, काही सोडायचं नाही. मागे मातीचा चढ नसेल तर मारायचं नाही, हेजच्या पलीकडे काय आहे दिसत नसेल तर मारायचं नाही, कितीही मोठा ससा असो. मेंढ्या विण्याच्या दिवसांत त्या शेतापासून लांबच राहा.

मारलेला ससा तिथेच टाकून यायचा नाही. आतडी पण पिशवीत घालून न्या किंवा शेतकरी सांगेल तिथे खोल पुरा, फार्मवरचं कुत्रं ती खाऊन आजारी पडलं तर दोष तुमचा. डोळे सुजलेला, जागेवरच बसून राहणारा ससा दिसला तर तो मिक्सोमॅटोसिसचा असतो, त्याला लगेच मारून त्रासातून सोडवा आणि शेतकऱ्याला सांगा, तो खायचा नाही. चांगला असेल तर सोलून, स्वच्छ करून एक शेतकऱ्याच्या घरी विचारून द्या, एक आपल्या घरी. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवलेला ससा उत्तम लागतो, चरबी जवळजवळ नसते म्हणून तेल थोडं सढळ हातानं. मारलेलं खाल्लं जावं असं मला मनापासून वाटतं, आणि शेतकऱ्यालाही ते आवडतं.

आणि डोळे उघडे ठेवा, कारण पहाटे त्याच्या रानात तुम्हीच असता. मेंढी पाठीवर उलटी पडली असेल तर तिला स्वतःहून उठता येत नाही, मरते, लगेच फोन करा. तार तुटलीय, पाण्याच्या हौदातून गळतंय, अनोळखी गाडी उभी आहे, कुणी डिझेल चोरायला आलंय असं वाटतंय, सांगा. स्वतः कुणाला अडवायला जाऊ नका, गाडीचा नंबर टिपा. गवताच्या बेल्स (गठ्ठे) रचायला, कुंपण ओढायला एखादा शनिवार हातभार लावा. ख्रिसमसला बाटली किंवा घरची चकली-शंकरपाळी. माझ्या पाहण्यात शेजारच्या फार्मची परमिशन जवळजवळ नेहमी अशा माणसाला आपोआप मिळते, शेतकरीच फोन करून सांगतो की माझ्याकडे एक जण येतो, बरा आहे. तिथेही मात्र स्वतः जाऊन भेटायचं आणि वेगळी स्लिप घ्यायची, एकाच्या शब्दावर दुसऱ्याच्या शेतात शिरायचं नाही.

किती मारले याचा हिशोब महिन्यातून एकदा सांगा, तारीख, शेत, संख्या, मेसेज पुरतो. फोटो टाकायची हौस असेल तर फार्मचं नाव, गेट, घर, काही दिसू देऊ नका, आणि त्याला विचारल्याशिवाय काहीच टाकू नका, काही शेतकऱ्यांच्या घरचेच शिकारीच्या विरोधात असतात.

स्लिपवरची तारीख संपायच्या महिनाभर आधी नवी भरून न्या, त्या निमित्तानं बसून चहा होतो आणि हद्दीत काही बदललं का हे पण कळतं. जमीन विकली गेली, कुळ बदललं, म्हातारे गेले आणि मुलानं शेती हातात घेतली, तर जुनी स्लिप संपली असं समजा. बंदूक घरी ठेवून, स्वच्छ बूट घालून नव्या माणसाकडे जा आणि पहिल्यापासून विचारा.